पावसाळी ऑटोक्रॉससाठी रोजची गाडी आणि हाताने कापलेले टायर : ठाणे-नवी मुंबईतल्या नवख्यांसाठी

ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानावर कोन (रस्त्याच्या कामावर ठेवतात तसे प्लास्टिकचे शंकू) लावून आखलेला छोटा, वळणावळणाचा मातीचा ट्रॅक. गाड्या ठरावीक अंतराने सोडतात, प्रत्येकीची वेळ मोजतात आणि सगळ्यात कमी वेळ लावणारा जिंकतो. कोनाला धक्का लागला की वेळेत दंडाचे सेकंद मिळवले जातात. रेसमध्ये होते तशी गाड्यांची एकमेकींशी घासाघीस इथे नसते आणि वेगही हायवेपेक्षा कमीच असतो. म्हणून घरच्या गाडीने मोटरस्पोर्टमध्ये शिरायचं असेल तर सुरुवात इथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे जूननंतर याच मातीचा चिखल होतो आणि मग इंजिनाच्या ताकदीला फारसा अर्थ उरत नाही. टायर चिखलात किती रुततो आणि अडकलेला चिखल किती लवकर फेकून देतो, यावर निकाल लागतो. म्हणूनच साध्या टायरच्या नक्षीत हाताने जादा खाचा कापून घेतात, ते कसं करायचं हेही पुढे सांगितलंय. नव्या मुलांचा पहिला प्रश्न मात्र एक्झॉस्ट कुठला लावू, हा असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे : आधी टायर, मग ब्रेक, मग हेल्मेट आणि सीटबेल्ट. उरलेले पैसे पेट्रोलला ठेवा.

१. सगळ्यात आधी कायदा आणि विमा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण वगळू नका.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ नुसार सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणं किंवा वेगाची चाचणी घेणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा पाम बीच रोडवर रात्री किंवा खारघरच्या रिकाम्या रस्त्यांवर प्रॅक्टिस करायचा विचार डोक्यातून काढून टाका. प्रश्न फक्त दंडाचा नाही. त्या रस्त्यावरून कोणीतरी शिफ्ट संपवून स्कूटरने घरी चाललेलं असतं.

प्रॅक्टिस करायचीच तर शहापूर, मुरबाड, कर्जत भागात कोणा ओळखीच्याची खाजगी जमीन बघा, मालकाची लेखी परवानगी घ्या आणि एकटे जाऊ नका.

कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. त्यामुळे रोजच्या वापरातल्या गाडीत कापाकापी करायची नाही. या लेखातले सगळे बदल परत काढता येण्यासारखे आहेत.

आता विमा. तुमच्या पॉलिसीत ‘लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज’ असा परिच्छेद असतो. त्यात ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग आणि रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या टिकाऊपणाची चाचणी) या वापरांना संरक्षण नसल्याचं स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणजे ट्रॅकवर बंपर तुटला तर खर्च तुमचा. रॅली आणि रिलायबिलिटी ट्रायलसाठी ‘आयएमटी ३१’ नावाची जोड घेता येते, पण तिला ऑटोक्रॉसचा विमा समजू नका. एजंट तोंडी ‘होऊन जाईल साहेब’ म्हणाला तरी लेखी घेतल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

२. गाडी कोणती घ्यावी

घरात जी छोटी, हलकी, पुढच्या चाकांवर चालणारी पेट्रोल गाडी असेल ती. जुनी स्विफ्ट, अल्टो, वॅगन आर, काहीही चालेल. सुटे भाग ठाण्यात कुठेही मिळतात आणि वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही गॅरेजवाल्याला या गाड्या तोंडपाठ असतात.

सेकंड हँड घेत असाल तर इंजिनापेक्षा खालची पत्र्याची बाजू तपासा. खाडीकाठच्या दमट हवेत सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचा पत्रा आतून खाल्लेला असतो. पुढच्या स्ट्रटच्या (सस्पेन्शनच्या उभ्या दांड्याच्या) वरच्या बाजूला, मागच्या एक्सलच्या मुळाशी आणि जॅक लावायच्या जागी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. ठण्ण आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर ती गाडी सोडून द्या.

३. चिखल ओळखायला शिका

आपल्या भागात ढोबळमानाने दोन प्रकारची जमीन भेटते आणि दोघींना लागणारे टायर वेगळे.

पहिली मुरमाची. बसाल्टची झीज होऊन झालेला तांबूस-करडा मुरूम भरावाच्या प्लॉटवर पसरलेला असतो. पाऊस पडला की वर बोटभर रबडी होते, पण खाली जमीन टणक असते. इथे अरुंद टायर जिंकतो, कारण गाडीचं सगळं वजन कमी रुंदीवर येतं आणि टायर रबडी कापून खालच्या टणक थरापर्यंत पोचतो. स्वीडनच्या बर्फाळ रॅलीतल्या टायरमागेही हाच विचार असतो. जागतिक रॅली स्पर्धेतल्या गाड्या तिथे फक्त २०५ मिमी रुंदीचे टायर लावतात आणि २०२४ पर्यंत पिरेली तिथे जे टायर पुरवायची त्यांत २० मिमी लांबीचे ३८४ खिळे असायचे.

दुसरी चिकणमातीची : भाताच्या खाचरातली किंवा खाडीजवळची काळी माती. इथे खाली टणक काही नसतं. टायरच्या खाचा पहिल्याच वळणाला भरतात आणि टायर गोटा (नक्षी झिजून गुळगुळीत) असल्यासारखा घसरायला लागतो. इथे मोठ्या, उघड्या, बाहेरच्या बाजूला मोकळ्या होणाऱ्या खाचा लागतात.

ओळखायचं कसं? मूठभर ओली माती घेऊन दाबा. हात उघडल्यावर गोळा तसाच राहिला, त्यावर बोटांचे ठसे चकचकीत उमटले आणि अंगठ्याने ओढल्यावर पट्टी निघाली, तर चिकणमाती. गोळा फुटून हातात खडे राहिले तर मुरूम. टायर ठरवण्याआधी जागेवर जाऊन ही परीक्षा करा. फोटोवरून काही कळत नाही.

एक गोष्ट नवी मुंबईकरांनी विशेष लक्षात ठेवावी : भरावाच्या प्लॉटमध्ये डेब्रिज असतं. पाऊस पडल्यावर त्यातल्या सळ्यांचे तुकडे आणि काचा वर येतात. ट्रॅक चालून बघताना नजर खाली ठेवा.

४. कापण्यासाठी टायर निवडणं

बहुतेक नवखे इथेच फसतात. ‘जुने गोटा झालेले टायर पडलेत, त्यांनाच खाचा मारून घेऊ’ हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. तो ऐकू नका.

कारच्या नव्या टायरची खाच साधारण ७ ते ८ मिमी खोल असते. खाचेच्या तळाखाली दीड-दोन मिमी रबर, त्याखाली नायलॉनचा थर आणि मग स्टीलच्या तारांचे पट्टे. गोटा झालेल्या टायरला नव्याने ५ मिमी खाच मारायची म्हणजे थेट तारेत घुसायचं. तारेला पाणी लागतं, गंज चढतो आणि वेगात असताना टायरचा वरचा थर सुटून येतो. ट्रकच्या काही टायरवर ‘रीग्रूव्हेबल’ असं छापलेलं असतं, कारण त्यांत पुन्हा खाच मारण्यासाठी जादा रबर मुद्दाम दिलेलं असतं. कारच्या टायरवर हे छापलेलं सापडणार नाही.

म्हणून टायर नवे घ्या, किंवा निदान ६ मिमी नक्षी शिल्लक असलेले घ्या. कडेला चार आकडी तारखेचा शिक्का असतो : पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांहून जुना टायर कापायला घेऊ नका. रबर कडक झालेलं असतं, पातं अडखळतं आणि कापलेले गुटके (खाचांमधले रबराचे ठोकळे) ट्रॅकवर तुटून पडतात.

माप कंपनीने दिलेलंच ठेवा. जुन्या स्विफ्टच्या साध्या मॉडेलला १६५/८० आर१४ येतो आणि चिखलासाठी ते माप उत्तम आहे. वर ‘भारदस्त’ दिसतं म्हणून २०५ चा टायर टाकला तर मुरमाच्या रबडीवर गाडी तरंगायला लागेल. रिम साधे लोखंडी घ्या. दगडावर आपटून वाकले तर हातोडीने सरळ होतात. अलॉयला तडा जातो.

खिळे किंवा बोल्ट मारलेल्या टायरचे व्हिडिओ बघून तसंच करायची इच्छा होईल. बर्फात लोखंडी टोक रुतून बसतं, म्हणून तिथे त्याचा उपयोग. मुरमातल्या दगडावर ते रुतत नाही. उलट उपटून गोळीसारखं बाहेर फेकलं जातं आणि ट्रॅकच्या कडेला मार्शल (स्पर्धेवर लक्ष ठेवणारी माणसं) उभे असतात.

५. टायर कापणं : इथे घाई नको

सामान : गरम पात्याचं ग्रूव्हिंग मशीन, यू आकाराची ६ आणि ८ मिमीची पाती, नक्षीची खोली मोजायचा गेज, पांढरा ऑइल पेंट मार्कर, चामड्याचे हातमोजे, चष्मा, मास्क. मशीन विकत घ्यायची गरज नाही. कळंबोली आणि तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलच्या आसपास किंवा भिवंडी बायपासला ट्रकचे टायर कापणारे कारागीर शोधले तर सापडतात. त्यांचा हात फार सफाईदार असतो. पण सवय ट्रकच्या टायरची असते, म्हणजे खोल कापायची. तुम्ही शेजारी उभे राहा आणि पात्याची खोली स्वतः मोजा.

नियम एकच : पातं मूळ खाचेच्या तळाखाली कधीही जाता कामा नये. नवी खाच मूळ खाचेपेक्षा १ ते दीड मिमी उथळच ठेवा. नक्षी ७ मिमी असेल तर पातं साडेपाचवर लावा.

टायर रिमवर चढवून, हवा भरून मगच कापायचा. सैल टायरवर पातं कुठे आत जाईल सांगता येत नाही. आधी मार्करने सगळ्या रेषा आखून घ्या. रेषा मधल्या उभ्या खाचेपासून सुरू होऊन तिरक्या बाहेरच्या खांद्याकडे (नक्षीच्या बाहेरच्या कडेकडे) गेल्या पाहिजेत, अशा तऱ्हेने की टायर पुढे फिरताना आतलं टोक आधी जमिनीला टेकेल आणि बाहेरचं नंतर. म्हणजे चिखल बाहेरच्या बाजूला ढकलला जातो. दोन रेषांमधला गुटका निदान २० मिमी रुंद ठेवा. त्याहून बारीक गुटका वळणात मुडपतो आणि मुळातून फाटतो.

पातं तापलं की रबरात लोण्यासारखं शिरतं. हात एका लयीत ओढा, मध्ये थांबू नका. थांबलात तर त्या जागी रबर जळून खड्डा पडतो. नीट कापलं जात असेल तर मागे रबराची अखंड काळी सळी गुंडाळत निघते आणि खाचेचा तळ गुळगुळीत, चमकदार दिसतो. सळी तुटक निघत असेल तर पातं थंड आहे. निळसर धूर येत असेल तर जास्त तापलंय. तळात कुठेही कापडासारखा विणीचा पोत किंवा तारेची चमक दिसली तर तो टायर बाद. ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणून तो लावू नका. काम मोकळ्या हवेत करा, त्या धुराने डोकं धरतं.

मुरमासाठी फक्त खांद्याचे गुटके उघडा आणि मधला पट्टा तसाच ठेवा. चिकणमातीसाठी मधल्या पट्ट्यालाही आडवे काप द्या आणि खांद्याला एकाआड एक गुटका पूर्ण काढा. पुढची चाकं गाडी ओढतात, तिथे आडवे काप जास्त हवेत. मागच्या चाकांवर उभ्या खाचा शाबूत ठेवा, कारण आडव्या घसरणीला त्याच अडवतात.

कापून झालं की कडेवर बाण आणि ‘डावा’, ‘उजवा’ असं रंगवून ठेवा. उलटा चढवलेला टायर चिखल बाहेर टाकण्याऐवजी मध्यभागी गोळा करतो.

हे टायर रस्त्यावर चालवायचे नाहीत, अगदी ट्रॅकपासून पेट्रोल पंपापर्यंतही नाही. ओल्या डांबरावर त्यांचं ब्रेकिंग भरवशाचं नसतं. मित्राच्या गाडीत किंवा दोघातिघांत छोटा हत्ती भाड्याने करून ते नेतात. आणि हो, काही स्पर्धांच्या काही वर्गांत कापलेले टायर चालत नाहीत. कापण्याआधी स्पर्धेचं नियमपत्रक वाचा.

६. हवा

कंपनीच्या आकड्यापेक्षा ४-५ पीएसआय कमीने सुरुवात करा. ट्यूबलेस टायरमध्ये २० च्या खाली जाऊ नका. जोरात वळताना टायरची कड रिमवरून सुटते आणि क्षणात हवा जाते. स्वतःचा गेज ठेवा, पंपावरच्या मशीनवर विसंबू नका.

७. ब्रेक आणि खालची बाजू

ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प शोषतं आणि आपल्या हवेत बाष्पाला तोटा नाही. डॉट ३ प्रतीच्या ऑइलचा कोरडा, म्हणजे ताजं असतानाचा, उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, पाणी मुरल्यावर १४० पर्यंत उतरलेलाही चालतो असं मानक सांगतं. डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५. स्पर्धेआधी ताजं डॉट ४ भरून चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांमधली हवा काढून घ्या. हँडब्रेकची केबल ताणून घ्या, अरुंद वळणाला मागची बाजू फिरवायला ती लागते. एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) फ्यूज काढायचा सल्ला कोणी दिला तर पहिल्या हंगामात तरी ऐकू नका.

इंजिनाखाली संप गार्ड, म्हणजे दगडांपासून वाचवणारा जाड पत्रा, हवाच. तयार मिळाला तर उत्तम, नाहीतर कळंबोलीच्या लोखंड बाजारातून ३ मिमीची शीट आणून एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरकडून वाकवून घ्या. ऑइलच्या ड्रेन बोल्टखाली भोक ठेवायला सांगा. वेल्डिंग करायचं नाही, असलेल्या बोल्टवरच बसवा.

एअर फिल्टरची नळी हवा कुठून घेते ते बघा. डबक्यातलं पाणी तिथून आत गेलं तर इंजिन जागेवर अडकतं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंपरमागे खाली तोंड असेल तर डबक्यातून हळू जा, पाणी उडवायची हौस टाळा.

८. गाडीच्या आत

जे हलतं ते काढा : स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, डॅशबोर्डवरचा गणपती, ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट. मॅट तर आधी काढा, ते सरकून पेडलखाली जातं. बॅटरी हलवून बघा. जराही हलली तर स्पर्धेआधीच्या गाडीच्या तपासणीत परत पाठवतील.

फायर एक्स्टिंग्विशर ड्रायव्हरच्या हाताशी, धातूच्या ब्रॅकेटमध्ये बोल्टने बसवलेला हवा. आयएसआय मार्क आणि सिलिंडरवरचा काटा हिरव्यात आहे ना, ते बघा. पुढे-मागे टो हुक लावा आणि त्यांच्याकडे बाण करणारा लाल किंवा पिवळा स्टिकर चिकटवा. चिखलात रुतल्यावर ओढायला येणाऱ्याला हुक शोधत बसावं लागू नये.

हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं हवं. कुठल्या मानकाचं चालेल ते नियमपत्रकात असतं. कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. नायलॉन किंवा पॉलिस्टर नको, आगीत ते कातडीला चिकटतं. बूट बंद आणि पातळ तळव्याचे. सीट एवढी पुढे घ्या की खांदे सीटला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर येईल.

९. कागदपत्रं

देशात मोटरस्पोर्टचं नियमन एफएमएससीआय म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया करते. स्पर्धा तिच्या परवानगीने होते आहे का, हे आयोजकाला थेट विचारा. परवानगी नसेल तर प्रवेश भरू नका. तिथे रुग्णवाहिका आणि प्रशिक्षित मार्शल असतील याची खात्री कोणी देत नाही.

जवळ ठेवायची यादी :
- वाहन चालवण्याचा परवाना, मूळ आणि प्रत
- एफएमएससीआयचं स्पर्धा लायसन्स. अर्ज आधीच करा, आदल्या रात्री होत नाही
- आरसी, विमा, पीयूसी. एमएच ०४ असो, ४३ असो की ४६, गाडी ट्रॅकपर्यंत रस्त्यानेच जाणार आहे
- गाडी वडिलांच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या नावावर असेल तर त्यांचं सहीचं संमतिपत्र
- प्रवेश अर्ज आणि जोखीमपत्र, म्हणजे अपघाताची जोखीम माझी असं लिहून देण्याचा कागद. जोखीमपत्र वाचून मगच सही करा
- पासपोर्ट फोटो, रक्तगट, घरच्या दोन माणसांचे नंबर कागदावर लिहून. फोन भिजतात

घरी सांगून जा. जोखीमपत्रावर काय लिहिलंय ते घरच्यांनाही वाचू द्या.

१०. स्पर्धेच्या दिवशी

लवकर पोचा. मुंब्रा बायपास किंवा ठाणे-बेलापूर रोड पावसात कधी तुंबेल याचा भरवसा नाही आणि तपासणीची वेळ चुकली तर प्रवेश फी गेली.

टायर बदलताना जॅकखाली जाड फळी ठेवा. ओल्या मातीत जॅक तिरका होतो. गाडी फक्त जॅकवर असताना खाली हात घालायचा नाही, स्टँड लावा. नट आधी हाताने फिरवून बसवा, मग आडवे-तिडवे आवळा.

ट्रॅक पायी चाला. प्रत्येक वळणाला थांबून पुढचे दोन कोन कुठे आहेत ते बघा. वळणातून बाहेर जायचा रस्ता चुकला तर ती फेरी बाद होऊ शकते आणि नवख्यांच्या वेळा बहुतेक इथेच जातात. सकाळी चाललेला ट्रॅक दुपारी तोच राहत नाही. वीस-पंचवीस गाड्या गेल्यावर चाकोऱ्या पडतात, वरची रबडी कडेला जाते आणि कधी कधी मधोमध टणक जमीन उघडी पडते. तुमच्या आधीच्या दोन-तीन गाड्या कुठून पकड घेताहेत ते कडेला उभं राहून बघत राहा.

सुटताना चाकं जागेवर फिरत असतील तर दुसऱ्या गिअरमध्ये सुटून बघा. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी चिखलात वळायच्या ऐवजी सरळ जायला लागली की नवखा स्टिअरिंग आणखी फिरवतो. करायचं उलटं : अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग थोडं सरळ करा, चाकांनी पकड घेतली की पुन्हा वळवा. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. पहिली फेरी मुद्दाम सावकाश करा. लाल झेंडा दिसला की जिथे असाल तिथे थांबा.

११. परत निघण्याआधी

रस्त्याचे टायर चढवा. चाकाच्या आतल्या बाजूला अडकलेला चिखल काठीने काढा, नाहीतर हायवेवर स्टिअरिंग थरथरतं आणि लोक विनाकारण अलाइनमेंटला पैसे घालतात. मैदानातल्या मैदानात हळू चालवत चार-पाच वेळा ब्रेक दाबून डिस्क साफ करा, मगच रस्त्याला लागा.

घरी आल्यावर त्याच दिवशी धुवा, चिखल वाळू देऊ नका. रेडिएटरच्या जाळीवर प्रेशरचा फवारा मारू नका, पातळ पत्र्या वाकतात. साध्या पाइपने इंजिनाच्या बाजूकडून बाहेर पाणी सोडा. ड्राइव्ह शाफ्टचे (पुढची चाकं फिरवणाऱ्या दांड्यांचे) रबरी बूट फाटलेत का ते टॉर्च लावून बघा. बारीक चीर असेल तरी बदला, आत गेलेली माती महिन्याभरात जॉइंट खाते. सोसायटीत गाडी धुण्यावर बंदी असेल तर वॉशिंग सेंटरवाल्याला खालून धुवायचे पैसे वेगळे द्या आणि स्वतः उभे राहून करून घ्या. चाकांचे नट ५० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळा.